आमच्या पाड्याचा इतिहास : बांध, खोत आणि खारं पाणी

खारेपाटची सून

आमच्या पाड्यावरच्या देवळाचा जीर्णोद्धार पूर्ण होत आलाय. समितीने ठरवलं की कलशारोहणाला स्मरणिका काढायची आणि तिच्यात 'गावाचा इतिहास' म्हणून चार पानं ठेवायची. ती चार पानं माझ्या गळ्यात पडली आहेत, कारण मी शिक्षिका, आणि मे महिन्यात शिक्षकांना काही काम नसतं असा आमच्याकडे समज आहे. समितीतल्या एका काकांनी मसुदा आधीच तयार ठेवला होता. त्यात छत्रपती शिवाजी महाराज आहेत, कान्होजी आंग्रे आहेत, जंजिऱ्याचा सिद्दी आहे, आणि पुढच्याच परिच्छेदात थेट समाजमंदिराचं उद्घाटन. मधली अडीचशे वर्षं पाड्यावर बहुतेक कुणी राहतच नव्हतं!

पाडा अलिबाग तालुक्यात, पोयनाडच्या बाजूला, खारेपाटातला. वस्ती आगऱ्यांची, उंबरे शंभराच्या आत. नाव देत नाही, स्मरणिका निघेपर्यंत घरात शांतता हवी आहे. इथे गड नाही, वाडा नाही, शिलालेख नाही. मग लिहायचं काय?

मला वाटतं, आमच्या गावाचा इतिहास म्हणजे बाहेरकाठ्याचा इतिहास. खारेपाट न पाहिलेल्यांसाठी सांगते. आमची भातशेती उधाणाच्या पाण्याच्या पातळीहून खाली आहे. खाडी आणि शेत यांच्या मध्ये चिखलाचा बांध आहे, तो बाहेरकाठा. तो आहे म्हणून शेत आहे, आणि शेत आहे म्हणून पाडा. बांधात ठिकठिकाणी उघाड्या असतात. उघाडी म्हणजे लाकडी झडप. ओहोटीला आतल्या पावसाच्या पाण्याच्या दाबाने ती बाहेरच्या बाजूला उघडते, भरतीला खाडीचं पाणी तिला ढकलून बंद करतं. माणसाने हात लावायची गरज नाही. पण झडपेत एखादा ओंडका अडकला तर ती मिटत नाही आणि एका भरतीत खारं पाणी आत. म्हणून पावसाळ्यात अमावास्या-पौर्णिमेला कुणीतरी कंदील घेऊन उघाडीवर बसायचं. पाळी असायची. सासरे सांगतात, ज्याने पाळी चुकवली त्याच्याशी पुढचे काही दिवस तळ्यावरसुद्धा कुणी बोलत नसे.

आणि दर उन्हाळ्यात जोळ. घरटी एक माणूस बांधावर, मजुरी नाही. ओहोटी लागली की खाडीतला चिकण चिखल फावड्याने कापायचा आणि माणसांच्या रांगेतून हातोहात बांधावर पोचवायचा. भरती लागली की काम बंद, मग वेळ पहाटेची असो नाहीतर भर दुपारची. बायका-पोरांचं काम वेगळं, बांधातली चिंबोऱ्यांची भोकं शोधून बुजवायची. भोकातून झिरप सुरू झाली की बांध आतून पोखरतो, आणि एखाद्या श्रावणातल्या उधाणाला खांड पडते, म्हणजे बांध फुटून भगदाड पडतं.

हे सगळं तोंडी आहे. कागदावर काही सापडेल का? आणि तुमच्याकडे कुणी असा राजांशिवायचा इतिहास लिहिलाय का?

जुनी वही

ताई, विषय चांगला घेतलात. कागद भरपूर आहेत, फक्त ते 'इतिहास' या नावाने ठेवलेले नसतात.

आधी १८८३ चा कुलाबा जिल्ह्याचा गॅझेटियर काढा (जिल्ह्याचं रायगड हे नाव १९८१ चं, त्यामुळे शोधताना कुलाबा म्हणूनच शोधा). त्यात खारजमिनींवर आणि शिलोत्री पद्धतीवर मजकूर आहे. शिलोत्रदार म्हणजे ज्याने पदरचा पैसा घालून बांध घातला तो. सरकारचा सारा वेगळा, आणि वर बांधाच्या डागडुजीसाठी कुळाने शिलोत्रदाराला भात द्यायचं. म्हणजे तुमचं गाव बांधावर उभं आहे हे इंग्रजांच्या वसुलीलाही ठाऊक होतं. आंग्र्यांचा मुलूख त्यांनी १८४० मध्ये खालसा केला, त्यानंतरचे कागद ते बरे ठेवत गेले.

मग तलाठी कार्यालय. नुसता सातबारा घेऊन परतू नका, त्यावर गोल करून जे आकडे लिहिलेले असतात ते फेरफार (हक्क बदलल्याच्या नोंदी) क्रमांक. ते एकेक उलगडत मागे जा. हक्कनोंदी १९०३ च्या कायद्याने सुरू झाल्या. तुमच्या कामाचे खरे फेरफार मात्र १९५७ नंतरचे. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन, त्या दिवशी कसणारं कूळ जमिनीचं मालक मानलं गेलं. पुढे कूळ कायद्याच्या कलम '३२ ग' प्रमाणे किंमत ठरली. त्या फेरफारात कुळाचं नाव, मूळ मालकाचं नाव, ठरलेली किंमत आणि हप्ते, सगळं एका ओळीत मिळतं. पाड्यावरच्या प्रत्येक घराची अशी एक ओळ काढलीत तरी तुमची चार पानं अपुरी पडतील.

भूमी अभिलेख कार्यालयात जुना गावनकाशा मागा. त्यात बांधाची रेघ कुठून गेलीय ते बघा आणि आजच्या उपग्रह नकाशाशी ताडून पाहा. कारकून पहिल्यांदा 'जीर्ण झालंय' म्हणेल. रीतसर नकलेचा अर्ज द्या.

तांबडा राता

पोयनाड म्हटल्यावर चरीचा संप सोडून कसं चालेल? तुमच्यापासून हाकेच्या अंतरावर.

२७ ऑक्टोबर १९३३ ला चरीत पंचवीस गावांच्या शेतकऱ्यांनी ठरवलं की खोत (सरकारसाठी गावाचा सारा वसूल करणारे जमीनदार) आणि सावकार यांची जमीन कसायची नाही. नारायण नागू पाटील पुढे होते. संप १९३९ पर्यंत चालला. सहा पावसाळे नांगर खळ्यात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३४ मध्ये चरीच्या शेतकरी परिषदेला आले होते. 'कृषीवल' हे वृत्तपत्र १९३७ मध्ये निघालं ते याच चळवळीतून. १९३९ च्या कूळ कायद्याला या संपाची पार्श्वभूमी आहे.

पण ताई, हे सगळं पाठ्यपुस्तकी झालं. माझ्या आजीचं माहेर संपातल्या गावात. ती पुढाऱ्यांचं नाव फार घ्यायची नाही. तिला आठवायचं ते हे की घरात भात नव्हतं आणि मासळी मात्र रोज होती. खाडीतली निवटी, कोलंबी, डोंगरातून आणलेल्या लाकडाच्या मोळ्या, त्यावर दिवस काढले. पुढे आयुष्यभर तिने निवटीचं कालवण तोंडात घातलं नाही. माझी आई ते आवडीने करायची आणि आजी ताट घेऊन ओटीवर जाऊन बसायची. चार पानांत असलं काही तरी घाला.

आणि एक. संप कशासाठी होता ते आकड्यांत सांगा. अर्धेलीने पिकाचा अर्धा वाटा, तो नीट मोजला तर एक वेळ परवडला असता. पण मोजणी खोताच्या मापाने, त्यावर जुनं कर्ज, आणि वेठ वेगळीच.

गडगा

रत्नागिरीकडून लिहितोय. आमच्याकडे खाडी नाही, सड्याच्या उतारावरची वाडी आहे. बांधाच्या जागी आमच्याकडे गडगे. जांभ्याचे दगड रचून उतारावर टप्पे केले, मागे माती अडली, तेव्हा कुठे भाताचे चोंढे आणि वर नाचणी-वरीची वरकस जमीन तयार झाली. एकेक गडगा चार-पाच पिढ्यांचा. कुणाच्या नावाची पाटी नाही.

खोती आमच्याकडे तुमच्याहून घट्ट होती. १८८० चा खोती कायदा म्हणजे आमच्या जिल्ह्याचं सगळं गणित. धारेकऱ्याला जरा मान, तो सरकारी धाऱ्याइतकंच (साऱ्याइतकंच) द्यायचा. बाकी अर्धेल, तिर्धेल, म्हणजे पिकाचा अर्धा नाहीतर तिसरा वाटा देणारे. बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ ला मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले शेतकरी मुंबईत मोर्चाला गेले, आमच्या वाडीतलेही गेले असं सांगतात. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने.

माझ्या पणजोबांनी ज्या खोताच्या अंगणात वेठीला गवत झोडलं त्यांच्या नातवाकडे आज मी आंब्याच्या पेट्या भरायला जातो. फरक इतकाच की आता संध्याकाळी पैसे मिळतात.

वाड्यातला

मी खोताच्या घरातला. या धाग्यावर लिहू की नको असं झालं, पण लिहितो.

अन्याय झाला हे मान्य. तरी सगळे खोत एका मापाने मोजू नका. आमच्या घरची रोजकीर्द (रोजच्या जमाखर्चाची वही) माझ्याकडे आहे. त्यात दुष्काळी साली सूट दिल्याच्या नोंदी आहेत, आणि बांध फुटल्यावर घरचे दागिने गहाण टाकून खांड भरल्याची नोंदही आहे. बांध घालायला भांडवल लागतं. ते कुणीतरी घातलंच ना? कायद्याने जमीन गेली, ठीक. पण त्यानंतर बांधाकडे बघणारा कुणी उरला नाही हेही लिहा.

तांबडा राता

@वाड्यातला, दागिन्यांची नोंद असेल, नाही म्हणत नाही. पण भांडवल परत कशातून आलं? कुळाने बांधासाठी म्हणून वेगळं भात दिलं त्यातूनच. आणि चिखल कुणाच्या डोक्यावरून गेला?

वाड्यातला

तेही त्याच रोजकीर्दीत आहे. मजुरांची नावं नाहीत, नुसतं 'गडी' असं लिहिलंय. ताईंना हवी असतील तर त्या पानांचे फोटो पाठवतो.

देवगडची गजाल

आमच्याकडे सगळा तसाच, फक्त खाऱ्या पाण्याऐवजी खोत होतो. 😀

गंमत सोडा. खाली गोव्याच्या बाजूला गेलात तर तुमच्यासारखीच शेती भेटते, तिथे तिला खाजन म्हणतात आणि उघाडीला मानस. तिथेही बांध गावाने मिळूनच राखायचा.

आणि त्या पोपटीला, म्हणजे मडक्यात भाजलेल्या शेंगांच्या जेवणाला, आम्हाला कधी बोलावताय? खारेपाटाचा विषय निघाला आणि वालाच्या शेंगांचं नाव नाही, हे काही बरोबर नाही.

खारेपाटची सून

थंडीत या. मडकं, वालाच्या शेंगा आणि भांबुर्डीचा पाला आमच्याकडून. कोंबडी तुम्ही आणा.

@जुनी वही, तलाठ्याकडे जाऊन आले. ३२ ग चे फेरफार मिळाले, आणि तुम्ही म्हणालात तसंच आहे. एका घराची किंमत हप्त्यांनी फिटल्याचा शेरा आहे, शेजारच्या घराची 'खरेदी निष्फळ' म्हणून नोंद, म्हणजे कुळाची खरेदी झालीच नाही. त्या दोन घरांचं आजही पटत नाही, आणि का पटत नाही ते मला लग्नानंतर इतक्या वर्षांनी त्या कागदावरून कळलं.

परळचा चाकरमानी

'जोळ बंद का पडला' यावर कुणीच बोलत नाही. माझं मूळ गाव पेणकडचं, आमच्याकडेही हे होतं. घरटी एक माणूस म्हणताय, पण माणूस होता कुठे? वडील गिरणीत, काका गोदीत. गावात म्हातारे आणि बाया. जोळाच्या दिवशी माझी आई बांधावर जायची आणि पुरुषाऐवजी बाई आली म्हणून तिची हजेरी अर्धी धरायचे. चिखल मात्र पूर्ण उचलायला लावायचे. १९८२ च्या गिरणी संपानंतर वडील परत आले तोवर बांध सरकारकडे गेला होता.

निवृत्त उपअभियंता

तीस वर्षं कोकणात पाटबंधाऱ्याच्या आणि खारबांधाच्या कामांवर होतो, म्हणून थोडं सविस्तर.

१९४८ मध्ये मुंबई राज्याने खारजमिनींचा कायदा केला, मंडळ नेमलं. पुढे १९७९ चा खारजमीन विकास कायदा आला आणि मोठ्या बांधांची कामं सरकारी योजनांतून होऊ लागली. हेतू वाईट नव्हता. गावांना खर्च झेपत नव्हता हे खरंच होतं. पण बांध हे धरणासारखं एकदा बांधून मोकळं व्हायचं काम नाही. त्याला दर वर्षी हात लावावा लागतो. आमच्याकडे अंदाजपत्रक, मंजुरी, निविदा, यात पावसाळा उलटून जायचा. गावकरी ज्या भोकात सकाळी चिखल कोंबून दुपारी घरी जात, त्या भोकाची खांड झाल्यावर आमची फाईल सुरू होई.

दुसरं, माती. जुने लोक खाडीचाच चिकण चिखल वापरत. तो सावकाश वाळतो, दबतो, पाणी धरतो. यंत्र आल्यावर ठेकेदार जवळ मिळेल तो मुरूम टाकू लागले. वरून बांध रुंद, देखणा दिसतो, पण पाणी आतून वाट काढतं. तिसरं, बांधाच्या बाहेरची तिवरं (खारफुटी). ती लाटेचा जोर खातात. सरपणासाठी ती तोडली गेली तिथे बांध आधी गेले. धरमतर खाडीत मोठी जहाजं फिरू लागल्यावर लाटांची तक्रार वाढली, तीही मी ऐकलेली आहे.

तेव्हा दोष एकट्या कुणाचा लिहू नका, एवढंच.

उधाण

साहेब, माणसं आपणहून यायची बंद झाली ती सरकार आल्यावर, की माणसं येईनात म्हणून सरकार आलं?

निवृत्त उपअभियंता

दोन्ही गावं पाहिली आहेत. पेणकडे पहिलं, श्रीवर्धनकडे दुसरं.

खारेपाटची सून

आमच्या पाड्याचं सांगते. सासऱ्यांनी आणि शेजारच्या दोन आजींनी सांगितलेलं जुळवून.

जोळ एका दिवसात बंद पडला नाही. आधी श्रीमंत घरांनी आपल्या बदली मजूर पाठवायला सुरुवात केली. मग मजुराऐवजी पैसे. मग पैसे उद्या देतो. तोवर पोरं कारखान्यांत लागली होती आणि चिखलात उतरलेल्या माणसाला पोरगी कोण देणार असं बोललं जाऊ लागलं. सरकारी काम आल्यावर सगळ्यांनाच सुटल्यासारखं झालं, हे सासरे कबूल करतात. मला परळच्या दादांचं म्हणणं पटतं, पण एक जोड देते. मुंबईला गेलेल्या घरांचे पैसे जोळाला नियमित येत होते. चुकारपणा केला तो गावात राहणाऱ्यांनी.

मोठी खांड पडली तेव्हा मी इथे नवीन होते. रात्री आरडाओरडा, सकाळी पाहिलं तर भाताच्या शेंड्यांपर्यंत पाणी, आणि त्यात बोयटं उड्या मारत होती. पोरांना आनंद. सासूबाई उंबऱ्यावर बसून एवढंच म्हणाल्या, 'आता तीन वरसा काय नाय.' पाणी ओसरल्यावर जमिनीवर पांढरा थर राहिला, बोटाने खरवडला तर जिभेला मीठ. पाऊस ते मीठ धुतो, पण पुन्हा आत भरती येत नसेल तरच. आमची खांड वेळेत भरली गेली नाही, त्यामुळे धुणं आणि खारणं एकाच वेळी चालू राहिलं.

त्या शेतांत आज तीन गोष्टी दिसतात. काहींनी जिताडा माशांची तळी केली आहेत, ते बरे कमावतात आणि बांध भरायच्या बैठकीला येत नाहीत. काही शेतं तशीच पडली आहेत आणि त्यांच्याकडे जमिनीचे दलाल फेऱ्या मारतात. बाकीच्यांत तिवरं उगवली. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये अंतरिम आदेश देऊन तिवरांची तोड बंद केली, २०१८ च्या निकालात ते कायम झालं. निर्णय योग्यच आहे, उपअभियंता साहेबांनी कारण दिलंच. पण ज्याच्या सातबाऱ्यावर अजून 'भात' लिहिलंय आणि शेतात डोक्याएवढी तिवरं आहेत, त्याने कुणाकडे जायचं? तो ना शेतकरी राहिला, ना त्याला कुणी वनवाला म्हणतं.

बियाण्याचंही लिहिणार आहे. खाऱ्या शेतात आमच्याकडे लावणी नसे. बियाणं भिजवून मोड आणायचे आणि चिखलात फेकायचे, रहू म्हणतात त्याला. भात तांबडं, राता. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने पुढे खारं सोसणारी पनवेल वाणं दिली, ती चांगली उतरतात, पण पेजेला रात्याची सर नाही असं घरातल्या मोठ्यांचं मत. मला दोन्ही सारखीच लागतात, हे इथेच लिहिते, घरी नाही.

तांबडा राता

माझं नाव ज्याच्यावरून घेतलंय त्याच्याबद्दल असं? निषेध.

गडगा

ताई, २००८ चं जनमतही विसरू नका. पेणकडच्या बावीस गावांनी सेझसाठी (विशेष आर्थिक क्षेत्रासाठी) जमीन द्यायची की नाही यावर मतदान केलं होतं. तुमच्या तालुक्याबाहेरचं असेल, पण खारेपाटच आहे, आणि आजोबांनी संपात जे केलं तेच नातवांनी पेटीत टाकलं.

खारेपाटची सून

ते येईलच. आमच्याकडची काही माणसं तेव्हा तिथे गेली होती.

आता नवी भानगड. देवळाच्या जुन्या पेटीत जोळाची वही सापडली. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची, वाळवीने एक कोपरा खाल्लाय. दर उन्हाळ्याची पानं वेगळी. डावीकडे घरांची नावं, मग 'हजर', मग 'गैरहजर', आणि शेवटी 'दंड', कुठे आण्यांत, कुठे पायलीभर भात. परळच्या दादांच्या आईसारख्या बायकांपुढे आमच्याकडेही अर्धी खूण आहे, उभी रेघ अर्ध्यावर सोडलेली.

मी म्हटलं, ही वहीच छापू या. राजांचा परिच्छेद पहिल्या पानावर राहू द्या, पुढची तीन पानं वहीची. समिती खूश झाली. मग एकाने ती वही नीट वाचली.

जुनी वही

अंदाज आला. दंड कुणाला झालाय?

खारेपाटची सून

अध्यक्षांच्या आजोबांना. लागोपाठ उन्हाळे. एका वर्षी दंडही भरलेला नाही, तिथे 'बाकी' लिहिलंय.

समितीचं म्हणणं आता असं आहे की गैरहजर आणि दंड हे दोन रकाने वगळून फक्त हजर माणसांची नावं छापावीत, कुणाचं मन दुखायला नको. मी सांगितलं, मग वहीच छापू नका, नुसते महाराज आणि समाजमंदिर ठेवा, माझं नाव त्यावर नको. रविवारी पुन्हा बैठक आहे. सासरे माझ्या बाजूने आहेत, पण त्यांचंही नाव एका उन्हाळ्यात गैरहजरमध्ये आहे, ते त्यांनी अजून पाहिलेलं नाही.

वाड्यातला

पूर्ण छापा. माझ्या रोजकीर्दीची पानंही त्याच्या शेजारी छापा, गड्यांची नावं वहीतून मिळतील. फोटो आज रात्री पाठवतो.

देवगडची गजाल

अध्यक्षांना सांगा, 'बाकी' आता भरली तर वहीत 'फिटली' असं लिहून छापता येईल. पायलीभर भात काही महाग नाही.